पत कुणाची, सही कुणाची?



'पत' हा शब्द चालवून पाहा. जात – जातीला, ऐपत – ऐपतीला, तसं पत – पतीला, पतीवर, पतीमुळे. शाळेत व्याकरणाच्या तासाला हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट, पण बाई मोटारीच्या शोरूममध्ये कर्ज मागायला गेली की ती शब्दशः खरी ठरते. 'मॅडम, लोन कुणाच्या नावावर करायचं? साहेब कुठे आहेत?' हा पहिला प्रश्न. गाडी तिला हवी आहे, पैसे तिने साठवलेत, लायसन्स तिच्या पर्समध्ये आहे, आणि शोधाशोध चालली आहे साहेबांची.

या वेळचं संपादकीय गाडीच्या कर्जावर का, असं काहीजणींना वाटेल. मारहाण, पोटगी, रेशन, दारू या आपल्या नेहमीच्या प्रश्नांच्या रांगेत मोटारगाडी जरा चैनीची वाटते. पण सल्ला केंद्रात येणाऱ्या बायका जी गाडी मागतात ती सहलीला जाण्यासाठी नसते. कुणी डबे पोचवते, कुणाला शाळेच्या मुलांची ने-आण करायची असते, कुणी रात्रपाळी संपवून पहाटे चारला घरी परतणारी नर्स असते. गाडी म्हणजे तिचं अवजार. आणि अवजार उधारीवर घ्यायची वेळ आली की बाईची समाजातली जागा कागदावर आकड्यांत लिहून मिळते. म्हणून हा विषय आपला आहे.

एका मैत्रिणीची फाईल समोर आहे, तिच्या परवानगीने लिहिते आहे. नवऱ्यापासून वेगळी होऊन सात वर्षं झाली. पोळी-भाजीचे डबे करते. हाताखाली दोन बायका आहेत. दुचाकीवर डबे मावेनात म्हणून छोटी व्हॅन घ्यायचं ठरवलं. भिशीचे पैसे आणि दोन बांगड्या मोडून एक लाख साठ हजार उभे केले, उरलेल्या चार लाखांचं कर्ज हवं होतं. शोरूममध्ये चहा मिळाला, रंग दाखवले, आणि मग कोपऱ्यातल्या फायनान्सच्या टेबलावर एका तरुणाने संगणकात बघून सांगितलं, 'मॅडम, तुमचं सिबिलच नाही.' तिला वाटलं, हा एखादा दाखला असेल, तहसीलमधून काढून आणू.

सिबिल हे एका कंपनीचं नाव. २००० साली स्थापन झालेली ही कंपनी कुणी कुठून कर्ज घेतलं, हप्ते वेळेवर भरले की चुकवले, याची नोंद ठेवते आणि त्यावरून ३०० ते ९०० मधला एक आकडा काढते. आज अशा चार कंपन्या आहेत, पण बोलीभाषेत सगळ्यांचं मिळून सिबिलच. ज्याने बँकेकडून कधी कर्जच घेतलेलं नाही त्याच्यापुढे आकडा येत नाही, 'इतिहास नाही' अशा अर्थाचा शेरा येतो. आपल्या डबेवालीने वीस वर्षांत भिशीचा एक हप्ता चुकवलेला नाही. किराणा दुकानदाराचं, गॅसवाल्याचं देणं कधी थकवलेलं नाही. पतसंस्थेतून दोनदा कर्ज घेऊन मुदतीआधी फेडलेलं आहे. पण भिशी कुणाच्या संगणकात नसते. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत, रिझर्व्ह बँकेच्या नाही, त्यामुळे तिथली परतफेड बहुतेक वेळा या कंपन्यांपर्यंत पोचतच नाही. बचतगटाचं कर्ज गटाच्या नावावर. प्रत्येक सभासदाची माहिती कळवावी असं रिझर्व्ह बँकेने २०१६ साली बँकांना सांगितलं, तरी आपण आपल्या गटातल्या पाचजणींचे अहवाल काढून पाहिले तर त्यात काय दिसेल याची कल्पना करवत नाही. घरची उधारी सांभाळणं हे बाईचं काम, म्हणून ते मोजायचं नाही. स्वयंपाक, पाणी भरणं, दुखणी काढणं राष्ट्रीय उत्पन्नात धरत नाहीत, त्यातलंच हे.

(कर्ज न काढणं हा आपल्या आया-आज्यांचा केवढा अभिमान होता! 'कुणाचं दोन पैसे देणं नाही' असं त्या ताठ मानेनं सांगत. आता तेच वाक्य शोरूममध्ये सांगितलं तर फाईल बाजूला पडते.)

इतिहास नाही म्हणजे कर्ज नाही, असं मात्र कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांत म्हटलं आहे की, पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीची नोंद नाही म्हणून फेटाळू नये. कर्जासाठी अमुक इतका किमान स्कोअर हवा अशी अट रिझर्व्ह बँकेने घातलेली नाही, हे सरकारने २०२५ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत सांगितलं. बँकांनी कर्ज देताना लिंग, जात, धर्म यांवरून भेदभाव करू नये हे तर २००३ पासूनच्या त्यांच्या आचारसंहितेत आहे. नकार दिला तर त्याचं मुख्य कारण बँकेने लेखी कळवायचं असतं, हेही आहे. शोरूममधला तो तरुण यातलं काही सांगत नाही. कारण तो बँक नाही.

हे नीट समजून घ्यायला हवं. शोरूममधलं फायनान्सचं टेबल म्हणजे कर्ज देणारी संस्था नव्हे, ती दलाली आहे. गाडी विकल्यावर नफा मिळतो, तसा कर्ज जुळवून दिल्यावर कमिशन मिळतं, विमा उतरवून दिल्यावर वेगळं कमिशन मिळतं. तो तरुण लबाडच असतो असं नाही. त्यालाही महिन्याचं टार्गेट असतं. पण त्याचं पोट ज्या गोष्टीवर चालतं ती गोष्ट तुमचं व्याज कमी होण्यात नाही. तो एकाच वेळी चार-पाच कंपन्यांकडे तुमचा अर्ज टाकतो. प्रत्येक कंपनी तुमचा अहवाल मागवते, प्रत्येक चौकशीची नोंद होते, आणि थोड्या दिवसांत खूप चौकश्या दिसल्या की ही बाई दारोदार कर्ज मागते आहे असा अर्थ लावला जातो. मग जी कंपनी 'हो' म्हणते ती सगळ्यात महाग असते, आणि 'मॅडम, तुमच्या केसमध्ये हीच एक तयार झाली' असं उपकार केल्यासारखं सांगितलं जातं.

आपल्या मैत्रिणीला सांगितलं साडेनऊ टक्के. ऐकायला बरं वाटतं. पण हे साडेनऊ टक्के 'फ्लॅट', म्हणजे सपाट. पाच वर्षं दर महिन्याला मुद्दल फिटत जाणार, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण चार लाखांवर. हिशेब साधा आहे. चार लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी वर्षाला अडतीस हजार, पाच वर्षांचे एक लाख नव्वद हजार. एकूण पाच लाख नव्वद हजार, भागिले साठ महिने, हप्ता ९,८३३ रुपये. आता बँका ज्या पद्धतीने दर सांगतात, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज, त्या पद्धतीने हाच हप्ता मांडला तर दर निघतो साडेसोळा टक्के. साडेनऊ नव्हे, साडेसोळा! तेच चार लाख घटत्या मुद्दलावर दहा टक्क्यांनी मिळाले असते तर हप्ता साधारण ८,५०० आला असता आणि एकूण व्याज एक लाख दहा हजार. फरक ऐंशी हजारांचा. ऐंशी हजार म्हणजे तिच्याकडच्या एका मदतनीस बाईचा कित्येक महिन्यांचा पगार.

इथेच संपत नाही. चार लाखांपैकी चोवीस हजार तिच्या गाडीला लागलेच नाहीत. त्यात प्रोसेसिंग फी होती, कागदपत्रांचा खर्च होता, कर्जदार मेला तर कर्ज फेडणारा विमा होता, आणि 'हँडलिंग' नावाची एक रक्कम होती, जी रस्ता कराच्या पावतीत नाही आणि नोंदणीच्या पावतीतही नाही. म्हणजे हातात आले तीन लाख शहात्तर हजार, हप्ता मात्र चार लाखांचा. हे धरून हिशेब केला तर खरा दर एकोणीस टक्क्यांच्या वर जातो. 'पत नाही' या दोन शब्दांची ही किंमत.

लहानसहान कंपन्याच असं करतात असंही नाही. २०२१ च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने एचडीएफसी बँकेला दहा कोटींचा दंड केला, तो वाहन कर्जाच्या गिऱ्हाइकांना गाडीत बसवायचं जीपीएस यंत्र विकण्याच्या प्रकरणात. पुढे बँकेला गिऱ्हाइकांचे पैसे परत करावे लागले. कर्जाच्या फाईलमध्ये काय काय सरकवलं जातं आणि शिकलेसवरलेले लोकही त्यावर कशा सह्या करतात, याचा हा नमुना. विमा शोरूममधूनच घ्यायला हवा अशी सक्ती करता येत नाही, निवड गिऱ्हाइकाची असते. पण हे माहीत असून सांगायचं कुणाला? किल्ली त्यांच्या हातात असते आणि मागे मुलं नव्या गाडीत बसायला आतुर असतात.

आता साहेबांकडे वळू. मैत्रिणीला साहेब नाहीत म्हटल्यावर भावाला बोलवा असं ठरलं. भाऊ आला, बिचारा चांगल्या मनाने आला. तेव्हा टेबलावरून सूचना आली: 'सरांचं सिबिल मस्त आहे. लोन त्यांच्याच नावावर करू, गाडीही त्यांच्याच नावावर, व्याज कमी बसेल.' थोडक्यात, गाडी चालवणार ही, हप्ते भरणार ही, आरसी बुकावर नाव भावाचं. आणि पाच वर्षांनी कर्ज फिटल्यावर पत वाढलेली असणार तीही भावाचीच. हिच्या नावापुढे पुन्हा 'इतिहास नाही'. उद्या भाऊ-भावजयीशी बिनसलं तर गाडीवर हिचा हक्क सांगायला कागद एकही नाही. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमातून जमिनी बायकांच्या नावावर करण्याचा आग्रह धरला, त्यानंतर घरावर दोघांची नावं लागावीत म्हणून आपण सगळ्याजणींनी ग्रामपंचायतींचे उंबरे झिजवले. सातबारा आणि घराचा उतारा यांच्याइतकंच आरसी बुक हाही मालकीचा कागद आहे, हे आपल्या शिबिरांत आता सांगायला हवं.

भावाची सही घेणंच चूक, असं माझं म्हणणं नाही. ज्या देशात बाईची कमाई कागदावर येत नाही तिथे सहकर्जदार लागेल तेव्हा लागेल. पण मुख्य कर्जदार ती आणि सहकर्जदार तो, गाडी तिच्या नावावर, हप्ता तिच्या खात्यातून, एवढ्या तीन गोष्टींवर अडून बसावं. आपली मैत्रीण अडून बसली. त्या दिवशी गाडी मिळाली नाही. बुकिंगचे अकरा हजार परत मिळायला दोन महिने आणि एक वकिली नोटीस लागली.

याची दुसरी बाजू अधिक कडू आहे. काही बायकांचा इतिहास कोरा नसतो, तो नवऱ्याने लिहून ठेवलेला असतो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याच्या मोटारसायकलच्या कर्जावर 'इथे एक सही कर' म्हणून केलेली सही. ती जामीनदाराची होती हे तिला दहा वर्षांनी कळतं, ती स्वतः स्कूटर घ्यायला जाते तेव्हा. तो सोडून गेला, गाडी कुठे आहे पत्ता नाही, आणि थकबाकीदार म्हणून नाव हिचं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. नवरा नांदवत नाही याची दखल त्या कलमाला नाही. परित्यक्तांच्या प्रश्नावर आपण इतकी वर्षं काम करतो, पोटगीचा अर्ज भरताना दागिने, भांडी, स्त्रीधन यांची यादी करतो. त्याच बैठकीत 'त्याच्या कुठल्या कर्जावर तुझी सही आहे का?' हा प्रश्न विचारायला हवा. वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीने आपला पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो, २०१७ पासून. केंद्रात आलेल्या प्रत्येकीचा तो काढून घ्यावा. त्यात चूक असेल तर तक्रार करता येते, आणि तीस दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची तरतूद २०२४ पासून लागू आहे.

आणि हप्ता चुकला तर? दोन महिने डबे बंद राहिले, मूल आजारी पडलं, तर दारात चारजण येऊन उभे राहतात. गाडी ओढून न्यायची धमकी, शेजाऱ्यांदेखत शिवीगाळ, सासरी-माहेरी फोन. एकटी बाई राहते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. झारखंडमधल्या हजारीबागला २०२२ च्या सप्टेंबरात ट्रॅक्टरच्या वसुलीसाठी आलेल्या लोकांनी एका गरोदर मुलीला त्याच ट्रॅक्टरखाली चिरडलं. कर्ज तिच्या वडिलांचं होतं. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने त्या कंपनीला, महिंद्रा फायनान्सला, बाहेरच्या माणसांकरवी वसुली करायला बंदी घातली; ती चार महिन्यांच्या आत उठलीही. वसुली कायद्याच्या मार्गानेच व्हावी, गुंड पाठवून नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच एका बँकेच्या वाहन कर्जाच्या खटल्यात बजावलं होतं. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही असाही नियम आहे. दारात उभ्या माणसाला नियम वाचून दाखवणं सोपं नसतं, हे खरं. पण वस्तीतल्या दहाजणी बाहेर येऊन उभ्या राहिल्या आणि एकीने 'ओळखपत्र आणि कंपनीचं पत्र दाखवा' म्हटलं, तर त्याचा आवाज उतरतो. नवऱ्याच्या मारहाणीच्या वेळी आपण जे करतो तेच इथेही करायचं.

आपल्या बाजूने असलेला एक कागद मात्र प्रत्येक गटाने ओळखून ठेवावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक वैयक्तिक कर्जासोबत 'मुख्य तथ्य विवरण' द्यावंच लागतं. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला केएफएस म्हणतात. त्यात विम्यासकट सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहावा लागतो, म्हणजे साडेनऊच्या पोटातले एकोणीस बाहेर येतात. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असायला हवं, म्हणजे मराठीत मागता येतं. त्यात न लिहिलेला खर्च नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. आणि ते निदान तीन कामाचे दिवस वैध असतं. म्हणून 'मॅडम, ही ऑफर आज संध्याकाळपर्यंतच' असं कुणी म्हटलं तर कागद पिशवीत घालून घरी यावं. त्या तीन दिवसांत केंद्रात बसून हिशेब करावा, जवळच्या सरकारी बँकेत जाऊन दर विचारावा, कोरे चेक मागितले असतील तर देऊ नयेत. चेक न वठला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते असा तो कायदा आहे.

हिशेब आपल्याला जमणार नाही, असं कुणी म्हणू नये. साताऱ्यातल्या म्हसवडच्या बायकांनी चेतना गाला सिन्हांबरोबर स्वतःची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा सभासद निरक्षर आहेत म्हणून पहिल्यांदा परवाना नाकारला गेला. त्या रात्रीच्या वर्गांना बसल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या, आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला कुठलीही मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुम्हीही यंत्राशिवाय काढून दाखवा. १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली.

सरकारच्या योजनांतही हाच अडथळा लपलेला आहे, तिकडे लक्ष हवं. महाराष्ट्र सरकारच्या पिंक ई-रिक्षा योजनेत किमतीच्या वीस टक्के रक्कम सरकारची, दहा टक्के बाईची आणि सत्तर टक्के बँकेचं कर्ज. घोषणा वीस टक्क्यांची होते, बाईचं भवितव्य सत्तर टक्क्यांवर ठरतं. तिथे पुन्हा तेच टेबल, तोच संगणक, तोच 'इतिहास नाही'. महिला व बालविकास खात्याला निवेदन द्यायचं तर सरळ मागणी करावी: या योजनेत किती अर्ज बँकांनी नाकारले, कोणत्या कारणाने, आणि ते कारण त्या बाईला लेखी कळवलं का, याची जिल्हावार यादी जाहीर करा. बचतगटाची आणि पतसंस्थेची वही बँकेने पुरावा म्हणून धरावी, ही मागणीही त्यातच घालावी. ती मान्य झाली तर भिशी चालवणाऱ्या बायकांना पहिल्यांदाच आपण काय चालवत होतो ते कागदावर दिसेल.

तक्रारीचे रस्तेही सांगून ठेवते. कर्ज देणाऱ्या संस्थेकडे आधी लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्यासाठी वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत, फोनवर माहिती हवी तर १४४४८. शोरूमविरुद्ध ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ही कामं कार्यकर्त्यांनी एकदा स्वतः करून बघावीत, म्हणजे दुसरीला सांगताना अडखळायला होत नाही.

डबेवाल्या मैत्रिणीचं पुढे काय झालं, हे विचारणारी पत्रं येतील म्हणून लिहिते. तिने एका सरकारी बँकेत आधी छोटं सोनेतारण कर्ज स्वतःच्या नावावर घेतलं, दहा महिन्यांत फेडलं, तोवर दुचाकीच्या दोन खेपा करून डबे पोचवले. त्याच बँकेत आता व्हॅनसाठी अर्ज दिला आहे. अधिकाऱ्याने अजून साहेबांबद्दल विचारलेलं नाही.

पुढच्या अंकासाठी आम्हाला तुमच्याकडची केएफएसची पानं हवी आहेत. नाव, पत्ता, खाते क्रमांक खोडून झेरॉक्स पाठवा. शोरूममध्ये तोंडी सांगितलेला दर मागच्या बाजूला लिहायला विसरू नका.